जळालेली भिंत आणि कोंडलेली उष्णता : मायक्रोवेव्ह दुरुस्तीचा अनुभव

मायक्रोवेव्ह ओव्हनच्या आत काळा डाग पडला, ठिणग्या उडाल्या किंवा ओव्हन मध्येच बंद पडू लागला, की पहिला सल्ला ‘आता नवाच घ्या’ असा मिळतो आणि दुसरा ‘घरीच उघडून बघा, अगदी सोपे आहे’ असा. पहिला सल्ला बहुतेक वेळा विनाकारण खर्चात पाडतो आणि दुसरा जिवावर बेतू शकतो. या दोहोंच्या मधला, काहीसा कंटाळवाणा रस्ता आम्ही यंदा फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत चालून पाहिला. त्या काळात कोणाला काय विचारावे, कोणता कागद कधी लागेल आणि कोणत्या खर्चाला नाही म्हणावे, हे सांगणारे सलग लिखाण मला कुठे सापडले नाही, म्हणून घडले त्या क्रमाने लिहून ठेवत आहे.

आमच्याकडचा ओव्हन मूळचा ताईचा. तिने घर बदलले तेव्हा तो आमच्याकडे आला आणि स्वयंपाकघरातल्या लाकडी कपाटात ओव्हनसाठी म्हणून आधीपासून जो कप्पा केलेला होता, त्यात बसला. फेब्रुवारीच्या सुरुवातीला काही दिवस त्याला जळका वास येत होता. त्यानंतर एका संध्याकाळी ओव्हन चालू असताना कोरड्या फांद्या तडतडाव्यात तसा आवाज झाला आणि उजव्या भिंतीजवळ पिवळसर निळ्या ठिणग्या उडाल्या. ओव्हन बंद करून प्लग काढला आणि आतला वास ओसरेपर्यंत दार उघडले नाही. आत ज्वाळा दिसत असेल तर ही गोष्ट फार महत्त्वाची आहे, कारण दार उघडताच आगीला ताजी हवा मिळते. बंद दाराआड ती बहुधा स्वतःच विझते.

ओव्हन थंड झाल्यावर टॉर्चच्या उजेडात पाहिले. उजव्या भिंतीवर जाड पुठ्ठ्यासारखा दिसणारा करडा, चौकोनी तुकडा बसवलेला असतो, त्याचा खालचा कोपरा कोळशासारखा झाला होता. शेजारच्या भिंतीवरचा रंग फुगून सुटला होता आणि आतला पत्रा दिसत होता. हा तुकडा पुठ्ठ्याचा नसून अभ्रकाचा असतो आणि त्याला वेव्हगाइड कव्हर किंवा नुसते मायका शीट म्हणतात. मॅग्नेट्रॉन या नळीत तयार होणाऱ्या लहरी एका धातूच्या मार्गाने येऊन या चौकटीतून ओव्हनच्या आत शिरतात. अभ्रक त्यांना अडवत नाही, कित्येक शे अंशांची उष्णता सोसते आणि अन्नाचे शिंतोडे त्या मार्गात जाऊ देत नाही.

असा चिवट पदार्थ मुळात जळतो कसा, हे कळल्यावर पुढचे बरेच निर्णय सोपे झाले. अभ्रक सहसा आपणहून जळत नाही, त्याच्यावर साचलेला ओशट थर जळतो. तेल आणि साखर पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या, म्हणजे १०० अंशांच्या, बरेच वर तापू शकतात. शिंतोडे पुन्हा पुन्हा तापून आधी पिवळे, मग तपकिरी होतात आणि शेवटी त्यांचा कोळसा होतो. कोळशातून वीज वाहते. त्यामुळे लहरी त्याच्यात प्रवाह निर्माण करतात, तो आणखी तापतो, आजूबाजूचा थर जाळतो आणि काळा भाग वाढत जातो. याचा अर्थ असा, की काळा ठिपका दिसल्यावर ‘अजून चालतोय ना, मग चालू दे’ असे म्हणणे म्हणजे त्या ठिपक्याला वाढायला वेळ देणे होय. आम्ही त्या संध्याकाळनंतर ओव्हन वापरला नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या ग्राहक सेवेकडे तक्रार नोंदवली. त्यासाठी मॉडेल क्रमांक आणि अनुक्रमांक लागतो आणि तो असलेली पट्टी नेमकी ओव्हनच्या पाठीला असते. ओव्हन कप्प्यात घट्ट बसलेला असल्याने तो बाहेर ओढावा लागला. तुमचा ओव्हन नवा असेल तर जागेवर बसवण्यापूर्वीच त्या पट्टीचा फोटो काढून ठेवा. दुसरा कागद म्हणजे खरेदीची पावती. ती ताईने जपून ठेवली होती, पण दुकानातल्या यंत्रांतून निघणाऱ्या बहुतेक पावत्या उष्णतेने काळ्या होणाऱ्या कागदावर छापलेल्या असतात आणि काळाबरोबर फिक्या पडतात. तिच्या हातात आता जवळजवळ कोरा कागद होता. नशिबाने खरेदीच्या वेळी तिने फोनवर काढलेला पावतीचा फोटो सापडला. पावती तिच्या नावावर आणि तक्रार माझ्या नावावर, यावरून फोनवर थोडी घासाघीस झाली, पण सेवा ही वस्तूच्या अनुक्रमांकावर नोंदली जाते, ग्राहकाच्या नावावर नाही, असे पलीकडच्या बाईंनी वरिष्ठांना विचारून सांगितले आणि तक्रार क्रमांक दिला.

वॉरंटीचा मजकूर मी तोवर वाचलाच नव्हता, कारण संपूर्ण ओव्हनची मुदत केव्हाच उलटली होती. वाचल्यावर कळले, की मॅग्नेट्रॉनची वॉरंटी वेगळी आणि बाकीच्या ओव्हनपेक्षा बरीच लांब होती आणि तिचे काही महिने अजून शिल्लक होते. ही पद्धत अनेक कंपन्यांत आहे, त्यामुळे ‘वॉरंटी संपली’ असे वाटले तरी कार्ड काढून पाहावे. त्याच कार्डावर वेव्हगाइड कव्हर, काचेची थाळी, दिवा आणि आतला रंग हे झिजणारे भाग असल्याने कोणत्याही वॉरंटीत येत नाहीत, असेही छापलेले होते.

तंत्रज्ञ आठवड्याच्या शेवटी आला. त्याने आधी जॉब शीट भरली, ठिणग्या कुठे उडाल्या ते विचारले, मग अभ्रकाचा तुकडा काढला आणि मागे बोट फिरवले. बोटाला काजळी आणि चिकट तेल लागले. त्याचे निदान दोन वाक्यांत होते : कव्हर बदलायचे आणि भिंत घासून रंगवायची. कव्हर त्याच्याकडे नव्हते, ते मागवावे लागणार होते. अंदाजपत्रकात एक गोष्ट ठळक दिसली, ती म्हणजे त्या तुकड्याची किंमत भेट शुल्काच्या तुलनेत अगदीच किरकोळ होती. सामान घेऊन पुन्हा येण्याचे शुल्क वेगळे पडेल का, हे मी त्याच वेळी विचारले आणि ‘एकाच तक्रार क्रमांकाखाली दुसऱ्या भेटीचे शुल्क नाही’ असे त्याच्याकडून जॉब शीटवर लिहून घेतले. पुढे या ओळीचा उपयोग झाला.

सुटा भाग यायला फेब्रुवारीचा बराचसा भाग गेला. त्या काळात कव्हर काढूनच ओव्हन चालवावा का, असा विचार घरात झाला. ओव्हन कव्हरवाचूनही तापतो, हे खरे आहे. मात्र तसे केल्यास वाफ आणि तेल थेट लहरींच्या मार्गात, तिथून मॅग्नेट्रॉनच्या टोकापर्यंत जाते, आणि किरकोळ किमतीचा भाग वाचवताना सर्वांत महागडा भाग पणाला लागतो. थांबणे जड गेले, पण थांबलो.

अभ्रकाचे मोठे पत्रेही मिळतात आणि आपल्या मापाचा तुकडा साध्या कात्रीने कापता येतो. हे काम ओव्हनचे बाहेरचे आवरण न उघडता, आतूनच होते, म्हणून घरच्या दुरुस्तीतला हा एकच टप्पा मी कोणालाही निश्चिंतपणे सांगेन. प्लग काढून, जुना तुकडा नमुना म्हणून ठेवून, पेन्सिलीने आखून सावकाश कापावे. कडा भुरभुरीत राहू देऊ नयेत, कोपरे थोडे गोल करावेत आणि तुकडा ज्या खाचेत किंवा खुंटीवर बसतो ती जागा आधी पूर्ण स्वच्छ करावी. जुन्या काजळीवर नवे कव्हर बसवले, तर तेही त्याच कोपऱ्यात जळते. आमच्याकडे नमुन्याचा कोपराच उरला नव्हता, म्हणून कंपनीचा तयार तुकडा घेतला.

भिंतीच्या कामात मात्र तंत्रज्ञ घाई करत होता आणि तिथे मी त्याला थांबवले. आतली भिंत पत्र्याचीच असते आणि लहरी तिच्यावरून परावर्तित होतात, त्यामुळे रंग गेलेली गुळगुळीत जागा हा लगेचचा धोका नसतो. धोका असतो तो रंगाच्या सुटलेल्या कडांना चिकटून राहिलेल्या काजळीचा आणि पुढे धरणाऱ्या गंजाचा. म्हणून पॉलिश पेपरने फुगलेला सगळा रंग काढून, पत्रा लख्ख होईपर्यंत घासून, ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने पुसून घेतले. पत्र्याला भोक पडलेले नाही ना, हे याच वेळी नीट पाहावे; आरपार भोक असेल तर तो ओव्हन दुरुस्त करू नये, हे तंत्रज्ञाने आपण होऊन सांगितले. रंग हा मायक्रोवेव्हच्या आतल्या भागासाठीच बनवलेला असावा लागतो. साधा तैलरंग तापून धूर सोडू शकतो, आणि चंदेरी झाक असलेल्या रंगात धातूची पूड असते, तिच्यामुळे ठिणग्या नव्याने सुरू होतात. आम्ही दोन पातळ हात दिले, डबीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्तच सुकू दिले आणि वास पूर्ण जाईपर्यंत दार उघडे ठेवले. मार्चच्या सुरुवातीला ओव्हन पुन्हा चालू झाला. ठिणग्या नाहीत, वास नाही. जॉब शीटवर सही केली आणि तक्रार बंद झाल्याचा संदेश आला.

पण खरे दुखणे अजून बाहेर यायचे होते. दहा-बारा दिवसांत नवीच गोष्ट घडू लागली. ओव्हन सलग काही मिनिटे चालला, की आतला दिवा, थाळी आणि पंखा चालू राहत, पण अन्न तापणे थांबे. थोड्या वेळाने, काही न करता, ते पुन्हा सुरू होई. आधी वाटले आमचाच भास आहे. ग्राहक सेवेने नवी तक्रार नोंदवून पुन्हा भेट शुल्क सांगितले. जुन्या जॉब शीटवरची ओळ दाखवल्यावर आणि आधीच्या कामाला महिनाही झाला नसल्याचे लक्षात आणून दिल्यावर जुनीच तक्रार पुन्हा उघडण्यात आली, मात्र भेटीची तारीख लांबची मिळाली.

मधल्या काळात ओळखीतून एक मेकॅनिक येऊन गेला. त्याने वर्णन ऐकूनच सांगितले, की मॅग्नेट्रॉनवरचा थर्मल कटआउट उडतोय, तो काढून तारा डायरेक्ट जोडून देतो, पुन्हा कधी बंद पडणार नाही. निदान अचूक होते, उपाय मात्र घातक. कटआउटच्या आत दोन धातूंची एकमेकांना जोडलेली चकती असते. ठरलेल्या तापमानाला ती उलट वाकते आणि प्रवाह तोडते, थंड झाली की पुन्हा जोडते. काही कटआउट एकदाच तुटतात आणि बदलावेच लागतात. कोणत्याही प्रकारचा असो, त्याचे काम एवढेच, की पुढचा भाग जळण्याआधी ओव्हन थांबवणे. त्याला बगल दिली तर उष्णता कमी होत नाही, फक्त सांगणारा कोणी उरत नाही. आम्ही त्या मेकॅनिकला आवरण उघडू दिले नाही. याला आणखी एक कारण होते. ओव्हनच्या आत एक मोठा कपॅसिटर असतो आणि मॅग्नेट्रॉनला सुमारे ४,००० व्होल्टचा दाब देणाऱ्या मंडलाचा तो भाग असतो. प्लग काढल्यानंतरही त्यात प्राणघातक विद्युतभार उरलेला असू शकतो. तो आपोआप उतरवणारा रोधक बहुधा आतच असतो, पण तो निकामी झाला आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. त्यामुळे आवरणाचे स्क्रू ही माझ्यासाठी सीमा होती आणि अजूनही आहे.

ठरलेल्या तारखेला कंपनीचा दुसरा तंत्रज्ञ आला. त्याने ओव्हन चालवून पाहिला आणि मॅग्नेट्रॉन कमजोर झाल्याचे सांगितले. नवीन बसवण्याचा अंदाज नव्या ओव्हनच्या साधारण निम्म्या किमतीचा होता. मॅग्नेट्रॉनची वॉरंटी शिल्लक असल्याचे दाखवल्यावर, भाग फुकट मिळेल पण मजुरी आणि इतर सामान आकारले जाईल, शिवाय ‘अतिउष्णतेने बिघाड’ असे ठरल्यास दावा नाकारला जाऊ शकतो, असे उत्तर मिळाले. मी विचार करण्यासाठी वेळ मागितला. सही करण्याच्या क्षणी वेळ मागायला लाज वाटते, पण अंदाजपत्रकाची मुदत बहुधा काही आठवड्यांची असते आणि त्यावर तशी तारीखही छापलेली असते.

त्या वेळात एक मोजणी केली, ती कोणालाही घरी करता येते आणि तिला स्वयंपाकघरातल्या तापमापकाशिवाय काही लागत नाही. मायक्रोवेव्हसाठी योग्य अशा भांड्यात एक लिटर पाणी घ्यायचे, ढवळून तापमान पाहायचे, पूर्ण शक्तीवर बरोबर दोन मिनिटे तापवायचे, पुन्हा ढवळून लगेच तापमान घ्यायचे. जितके अंश सेल्सिअस वाढले त्याला ३५ ने गुणले, की पाण्यात गेलेली शक्ती वॉटमध्ये ढोबळमानाने मिळते. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४,१८६ जूल लागतात आणि दोन मिनिटांचे १२० सेकंद होतात, एवढेच त्यामागचे गणित आहे. घरची मोजणी पाठीच्या पट्टीवर छापलेल्या आकड्यापेक्षा थोडी कमीच येते आणि घरातला वीजदाब खाली असेल तर आणखी कमी येते, म्हणून दोन मोजण्यांची तुलना एकाच वेळेच्या आसपास करावी.

आमच्या ओव्हनवर ८०० वॉट लिहिलेले आहे. रात्रभर थंड राहिलेल्या ओव्हनमध्ये पाणी २१ अंशांनी तापले, म्हणजे ७३५ वॉट. त्यानंतर ओव्हन मोठ्या भांड्यातल्या पाण्यावर सलग चालवून, कटआउट उडण्याच्या जरा आधी थांबवून, पुन्हा मोजले तेव्हा वाढ १८ अंशांवर आली, म्हणजे ६३०. मॅग्नेट्रॉन म्हातारा झालेला असता तर थंड असतानाही तो कमी पडला असता. तो थंडपणी ठीक आणि तापल्यावर ढिला होत होता. मॅग्नेट्रॉनमधले चुंबक तापले की क्षीण होतात आणि शक्ती घटते, हे माहीत झाल्यावर प्रश्न बदलला. मॅग्नेट्रॉनमध्ये काय बिघडले याऐवजी त्याची उष्णता जाते कुठे, हे शोधायला हवे होते.

आपण ८०० वॉटचा ओव्हन म्हणतो तेव्हा तो विजेच्या सॉकेटमधून साधारण १,२०० वॉट खेचतो. उरलेले सुमारे ४०० वॉट मॅग्नेट्रॉन आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये उष्णता बनून राहतात आणि पंख्याने त्यांना बाहेर घालवायचे असते. आमच्या पुस्तिकेत वर २० सेंटिमीटर, मागे १० आणि दोन्ही बाजूंना ५ सेंटिमीटर मोकळी जागा सांगितली होती आणि बंद कपाटात ठेवू नये असेही एका चौकटीत लिहिले होते. कप्प्यात वर जेमतेम चार बोटे जागा होती आणि मागची फळी सलग होती. मागच्या जाळीतून निघालेली गरम हवा फळीवर आपटून, बाजूने फिरून, तळाच्या छिद्रांतून पुन्हा आत जात होती. मी टिशू पेपरची पट्टी आधी तळाच्या छिद्रांशी आणि मग मागच्या जाळीशी धरून पाहिली. पहिल्या ठिकाणी ती आत ओढली जायला हवी आणि दुसऱ्या ठिकाणी बाहेर उडायला हवी. दोन्हीकडे ती नुसतीच मलूल लोंबकळत राहिली.

हे सगळे आकडे एका कागदावर लिहून मी ग्राहक सेवेला पाठवले आणि मॅग्नेट्रॉन बदलण्याआधी हवेचा मार्ग आणि मॅग्नेट्रॉन प्रत्यक्ष उघडून तपासावा, अशी लेखी विनंती केली. तोंडी सांगितलेले पुढच्या तंत्रज्ञापर्यंत पोचत नाही. लेखी विनंती तक्रारीला जोडली जाते आणि येणारा माणूस ती वाचून येतो.

मार्चच्या अखेरीस आलेला तंत्रज्ञ वयाने मोठा आणि सावकाश काम करणारा होता. त्याने आवरण उघडून आधी कपॅसिटर रिकामा केला, मग मला लांबूनच दाखवले. पंख्याच्या पात्यांवर तेल आणि धूळ मिळून नमद्यासारखा थर बसला होता, तळाच्या जाळीचीही तीच गत. त्याने मल्टिमीटरने मॅग्नेट्रॉनचा तंतू, म्हणजे आतली तापणारी तार, तपासला, तिथे रोध जवळजवळ शून्य, म्हणजे तंतू शाबूत. तंतू आणि बाहेरचे धातूचे अंग यांच्यात कुठेही जोड नव्हता, म्हणजे आतून शॉर्ट नाही. चुंबकाच्या कड्यांना तडा गेलेला नाही, वरची टोपी किंचित काळवंडलेली पण वितळलेली नाही. कटआउट मात्र वारंवार उडून सैल झाला होता, तो त्याने त्याच तापमानाचा नवा बसवला. तापमान कटआउटवरच छापलेले असते आणि ‘थोडा वरच्या अंशाचा चालेल’ असे कोणी म्हटले तर ऐकू नये. दाराचे लहान स्विचही त्याने पाहिले. संपर्कबिंदू जळले की त्यांच्याभोवतीचे प्लॅस्टिक तपकिरी होते, आमचे तसे झालेले नव्हते. मॅग्नेट्रॉनच्या अंदाजपत्रकावर त्याने रेघ मारली. अंतिम बिलात कटआउट आणि साफसफाईची मजुरी होती, आणि तेही आधी सांगितलेल्या रकमेच्या छोट्याशा हिश्श्याएवढेच.

जाण्यापूर्वी ओव्हनमधून बाहेर येणाऱ्या लहरींची गळती मोजून द्यावी, अशी मी विनंती केली. आवरण उघडून बंद केल्यानंतर ही तपासणी व्हायलाच हवी, पण मागितल्याशिवाय ती प्रत्येक वेळी होतेच असे नाही. सर्वसाधारणपणे मान्य असलेली मर्यादा, पृष्ठभागापासून ५ सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅट, अशी आहे. ओव्हनमध्ये थोडे पाणी ठेवून, दाराच्या चारही कडा, बिजागरीची बाजू आणि मागची जाळी यांवरून मापक फिरवला जातो. आमचे आकडे मर्यादेच्या खूप खाली होते आणि ते त्याने जॉब शीटवर लिहिले. दारात कागद अडकवून तो ओढून पाहण्याची चाचणी इथे उपयोगाची नाही. मायक्रोवेव्हच्या दाराची कड रबराने हवाबंद होत नसते, तिच्यातली ठरावीक खोलीची खाच लहरींना परत फिरवत असते. त्या कडेवर साचलेला ओशट थर जळून प्लॅस्टिक पट्टा खराब होतो, म्हणून दार पुसताना कड विसरू नये.

एप्रिलच्या सुरुवातीला ओव्हन कपाटातून काढून उघड्या ओट्यावर आला. ओट्याची तेवढी जागा गेली याची घरात अजून कुरकुर आहे. त्याच दोन मोजण्या पुन्हा केल्या : थंड असताना २१ अंश, सलग चालवल्यावर २०. तापणे मध्येच थांबण्याचा प्रकार त्यानंतर झालेला नाही.

सवयी थोड्याच बदलल्या. अन्नावर झाकण असते, पण वाफेला फट ठेवून. ओव्हन वापरून झाला की दार थोडा वेळ उघडे राहते. अभ्रकाचा तुकडा आणि त्याच्या आजूबाजूची भिंत आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसतो, तुकडा पाण्यात भिजवत मात्र नाही. थर वाळला असेल तर एका वाडग्यात पाणी आणि त्यात लाकडी चमचा ठेवून ते वाफाळेपर्यंत तापवतो. चमच्यामुळे पाणी न उकळता अतितप्त होऊन अचानक उसळण्याची शक्यता कमी होते. थाळीखालच्या कड्याची चाके अडकली तर भांडे एकाच जागी राहते आणि तिथले अन्न जळते, म्हणून तेही धुतो. रिकामा ओव्हन कधीही चालू होऊ नये, कारण शोषणारे काही नसेल तर लहरींची ऊर्जा मॅग्नेट्रॉनकडेच परत जाते. अगदी थोडे अन्न तापवायचे असेल तर शेजारी पाण्याची वाटी ठेवतो. सोनेरी काठाच्या बशा आणि मेलामाइनची भांडी वेगळ्या फडताळात गेली. मेलामाइन स्वतःच लहरी शोषून तापते, हे मला या सगळ्या खटाटोपापूर्वी माहीत नव्हते. ओव्हन थांबल्यावरही काही वेळ पंखा फिरत राहतो. तेव्हा भिंतीवरचे बटण बंद करू नये, अशी सूचना घरातल्या सर्वांसाठी बटणाजवळच चिकटवली आहे.

तुमच्या ओव्हनच्या भिंतीला भोक असेल, दार वाकले असेल किंवा गळतीचा आकडा मर्यादेजवळ असेल, तर मात्र अंदाजपत्रक न मागवता तो सरळ काढून टाकावा. मोडीत देताना तार कापून द्यावी, म्हणजे कोणी तो पुन्हा लावणार नाही, आणि आतले भाग वेगळे करण्याच्या फंदात पडू नये : कपॅसिटरचा धोका वर लिहिलाच आहे, आणि काही मॅग्नेट्रॉनच्या चिनी मातीसारख्या भागात बेरिलियम ऑक्साइड असते, त्याची पूड श्वासातून जाणे विषारी आहे. इलेक्ट्रॉनिक कचरा घेणारे केंद्र तो अखंड स्वीकारते आणि पोचपावतीही देते.